हीटिंगवाले काका

कुणाच्या घरी गेल्यावर माणसं आधी नमस्कार करतात. काका आधी भिंतीला तळहात लावायचे आणि विचारायचे, "ही ऊब कोणाची, ताई?" अशी एका विषयाने पछाडलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या वाट्याला आली ती जपानात, सप्पोरोत.

इमारतीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. मुलगा-सून त्यांना काका म्हणायचे, म्हणून मीही. ते माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठे होते, हे मी कुणाला कळू दिलं नाही.

शहराच्या हीटिंग केंद्रात इंजिनियर म्हणून त्यांचा उभा जन्म गेला होता. केंद्राचं गरम पाणी जमिनीखालच्या नळांतून इमारतींत येतं आणि घरोघरचे रेडिएटर तापवतं. बिल मात्र अख्ख्या इमारतीला एकच. ते घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाटायचं काम इमारतीच्या समितीत काकांकडे होतं.

मी तेव्हा पुण्याहून नुकती आलेली, एकसष्ट वर्षांची पोर. अक्कल यायची होती. त्या वर्षी घरोघरी मीटर बसले. एक हिवाळा मीटरप्रमाणे बिल लावून बघायचं आणि मग मतदान, की पुढे सगळं बिल मीटरवरच लावायचं का. "जो वापरेल तो भरेल," असं मी जिन्यात भेटेल त्या जपानी माणसाला ठणकावून सांगायचे. मराठीत.

नुसतं सांगून थांबले नाही, आमचे चारही रेडिएटर बंद केले. वर घर, खाली घर, बाजूला ऐंशी ओलांडलेली एकटी शेजारीण. तिन्हीकडून फुकट ऊब झिरपायची. सून कोट घालून भाजी चिरायची, पण मीटर हलत नव्हता आणि आपल्याला अर्थशास्त्र समजलं म्हणून मी खूश. डोशाच्या पिठाचं पातेलं शेजारणीच्या भिंतीला टेकवून ठेवायचे. झकास फुगायचं.

"खानावळीत तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत, म्हणून आचाऱ्याचा पगार थांबतो का, ताई?" काका समजावायचे. "केंद्राचंही तसंच. बॉयलर, नळ, माणसं, हा खर्च तुम्ही वापरा न वापरा, आहेच. म्हणून माझं म्हणणं, निम्मं बिल क्षेत्रफळावर लावा, निम्मं मीटरवर. नाहीतर एकेक जण बंद करणार आणि सगळा भार उरलेल्यांवर पडणार."

"खानावळीचं मला नका सांगू. मी कायम घरी जेवलेय."

जानेवारीत दोन दिवस पीठ फुगेना. मी काकांकडे रीतसर तक्रार नेली.

"असं कसं होईल? चला, शेजारणीलाच विचारू," म्हणत त्यांनी बूट चढवलेसुद्धा.

तिने दार उघडलं ते कोट, लोकरी टोपी आणि हातमोजे घालून. आमचंही घर तापवता तापवता तिचा मीटर इतका पळाला होता, की घाबरून तिने हीटिंग बंदच केलं होतं. मला बघून ती कमरेत वाकली आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

"त्या म्हणतायत," काकांनी सांगितलं, "माझ्यामुळे तुमची भिंत गार पडली, माफ करा."

मी घरी येऊन चारही रेडिएटर सुरू केले. सुनेने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "आई, बरं नाहीये का तुम्हाला?"

मतदानाच्या सभेला मुलाच्या वतीने मी गेले. उभी राहून दोनच वाक्यं बोलले: माझं चुकलं. काकांची निम्मी-निम्मी वाटणीच बरोबर. काकांनी त्याचं जपानी केलं, चांगलं पाच मिनिटं. लोक दोनदा हसले.

"एवढं काय सांगितलंत?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणालात तेच. तुमची चूक तेवढी जरा सविस्तर."

निम्मी-निम्मी वाटणी मंजूर झाली.

गेल्या वर्षी काका ओसाकाला लेकीकडे राहायला गेले. तिथे प्रत्येक खोलीला आपापला एसी. फोनवर म्हणतात, करमत नाही, वाद घालायला विषयच उरला नाही. समितीतली त्यांची जागा आता माझ्याकडे आहे, माझ्या मोडक्यातोडक्या जपानीसकट. सोबत त्यांची फाइलही आली. तिच्यात प्रत्येक घराबद्दल एकेक नोंद, मराठीत, म्हणजे इतर कुणाला कळू नये अशी. आमच्या घरापुढे लिहिलंय, "मुद्दे सांगून उपयोग नाही. शेजारणीकडे न्यावं. चहा टाळावा, फार गोड असतो."

पहिली दोन वाक्यं मला मान्य आहेत.