वर ऊब, खाली गारठा

नमिताला राग आला की ती आवाज चढवत नाही, भराभर चालायला लागते. त्या दिवशी ती आखातातल्या अल नस्र भागातल्या ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत होती, आणि शहाण्या माणसांनी दारं लावून घेतली होती.

राग रास्त होता. ओमानच्या डोंगरात पवनचक्क्या उभ्या राहायच्या होत्या. तिथल्या मास्टवर, म्हणजे वारा मोजायच्या उंच खांबावर, कंपनीच्या तंत्रज्ञाने, जहूरने, दोन तापमापक बसवले होते, एक खाली, एक वर. दिवसा खालची हवा गरम दिसे आणि रात्री चक्र फिरे, वर ऊब, खाली गारठा. अशा रात्री हवेचे थर एकमेकांत मिसळत नाहीत. वर वारा सुसाटतो, खाली रेंगाळतो, आणि पात्याला प्रत्येक फेरीत हिसका बसतो. तिथे दणकट, महागडं यंत्र हवं. पण मॅनेजर कौशिक गिऱ्हाइकाला हलकं यंत्र कबूल करून बसला होता.

"डोंगरावर वर गेलं की थंडी वाढते, पोरालाही कळतं," तो नमिताला म्हणाला. "जहूरने सेन्सर उलटे लावलेत. रात्रीचा डेटा काढून टाक."

नमिता निफाडची. माहेरच्या द्राक्षबागेत थंडीच्या दिवसांत शेकोट्या पेटत त्या खालच्या अंगाला, खोलगट जागेत. टेकाडावरच्या वेलींना कुणी विचारत नसे. रात्री गारठा खालीच साचतो, हे तिला शिकवावं लागलं नव्हतं.

"उलटे लावले असते तर दिवसाही उलटंच दिसलं असतं!" ती म्हणाली.

"नमिता, उगाच फाटे फोडू नकोस."

म्हणजे त्यालाही कळत होतं. कळून सवरून हा माणूस दापोलीच्या जहूरच्या माथी खापर फोडत होता. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

ती जहूरला पँट्रीत गाठून म्हणाली, "तू मीटिंगमध्ये काही कबूल करायचं नाहीस."

"मॅडम, साहेब बोलले, चूक झाली म्हन, खलास, नोकरी राहील. बायको-पोरांचा व्हिसा माज्यावर हाय."

ती त्याच्यावरही चिडली. गरीब माणसाने इतकंही गरीब असू नये, असं तिला वाटलं, आणि मग वाटल्याची लाज वाटली.

मीटिंगला मस्कतहून गिऱ्हाइकाचा इंजिनिअर इब्राहीम आला होता. कौशिकने खूण करताच जहूर उभा राहिला. "गलती मेरी है सर. सेन्सर उल्टा लगाया."

नमिताने लॅपटॉप ओढून घेतला आणि दुपारचा आलेख पडद्यावर टाकला. तापमान जसं हवं तसं होतं, खाली गरम, वर थंड. मग रात्रीचा लावला. "काहीही उलटं नाही. रात्री तिथली हवा अशीच असते. हलकं यंत्र लावाल तर पाती तडकतील."

इब्राहीमने दोन्ही आलेख ताडून पाहिले. म्हणाला, "ही बाई बरोबर सांगते आहे. यंत्र बदला." नमिता खुर्चीत टेकली. तेवढ्यात तो जहूरकडे वळला. "मग हा खोटं का बोलला? असा माणूस मला साइटवर नको."

"ऑफ कोर्स," कौशिक लगेच म्हणाला. "आजच काढतो."

नमिता ताडकन उठून कौशिकवर उसळली. "खोटं तुम्ही वदवून घेतलंत त्याच्याकडून!" मग इब्राहीमला म्हणाली, "विचारा त्याला!"

इब्राहीमने खरंच विचारलं. जहूरने कौशिककडे पाहिलं, मग जमिनीकडे. "नहीं सर. मैं खुद बोला."

बाहेर लिफ्टपाशी तिने त्याला अडवलं. "नोकरी गेलीच होती ना रे! मग आता कुणाला घाबरलास? का नाही बोललास?"

"दुसरीकडे काम मागायला गेलो तर तिथले लोक फोन कुणाला करनार, मॅडम? साहेबांनाच ना?"

लिफ्ट आली. त्याने सवयीने 'शुक्रन' म्हणत तिचे आभार मानले आणि तो आत गेला. नमिता पुन्हा चालू लागली, भराभर, कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कौशिकच्या केबिनचं दार आतून लावलेलं होतं. या खेपेला ती तिथे थांबली आणि मुठीने दार ठोठावू लागली.