खोलीतला आवाज मी बंद केला होता

"बंद हाय ते. पिपपिप कुठं ऐकू येतीय?"

हे तात्या म्हणाले ते रविवारी, कळस गावच्या शेतात, आणि मी ते ऐकलं बारामतीत, माझ्या टेबलावर उभ्या केलेल्या मोबाइलमधून. तात्या म्हणजे आमच्या सरांचे थोरले भाऊ. शेतातल्या खांबावरच्या कॅमेऱ्यात ते शिडी ओढत आणताना दिसत होते. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर घुरघुरत थांबला होता, कारण पुढे, भरलेल्या उसाला अडकेल इतक्या खाली, आमच्या रेडिओच्या अँटेनाची तार आडवी आली होती.

"सरांना इचारायचं का?" ड्रायव्हर म्हणाला.

"त्याच्या डोळ्याचं आपरेशन झालंय. औंदा ती पोरगी चालवती, तिकडनं, बारामतीतनं. जरा मुकीच हाय. बोलत न्हाय, नुसती टिकटिक करती."

"मग बरी हाय की, तात्या. आमच्या घरी पाठवा चार दिस."

दोघं हसले. मी हेडफोन काढून ठेवला.

सर आम्हाला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. मोर्स, म्हणजे लांब-आखूड पिपपिपची सांकेतिक लिपी, मी त्यांच्याकडेच शिकले. त्यांचं हौशी रेडिओ केंद्र भावाच्या शेतातल्या एका खोलीत आहे. रेडिओ, कॉम्प्युटर तिथे. मी इथून लॅपटॉपवरून इंटरनेटने ते चालवते. त्या शनिवार-रविवारी मोर्सची स्पर्धा होती. दोन दिवसांत जगभरातल्या जितक्या जास्त केंद्रांशी संपर्क होईल तितके गुण. एकमेकांना आपली ओळख आणि ठरलेले आकडे द्यायचे आणि पुढे जायचं. तोंडाने एक शब्द बोलावा लागत नाही. मला हा छंद लागला त्याचं खरं कारण एवढंच असावं.

तारेचं एक टोक बांधावरच्या बाभळीला बांधलेलं आहे. ऊसतोडीच्या दिवसांत भरलेली ट्रॉली जायची असली की कोणीतरी शिडीवर चढून तार हाताने वर उचलून धरतं. सर खोलीत बसायचे तेव्हा रेडिओची पिपपिप अंगणभर ऐकू यायची. ती थांबली की तार उचलायची, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. म्हणून सरांनी मला बजावलं होतं, लांबून चालवलंस तरी खोलीतला स्पीकर चालू ठेव.

शनिवारी दुपारपर्यंत मी तो चालू ठेवला होता. एका जपानी केंद्राला उत्तर देताना माझी तीनदा चूक झाली, आणि कॅमेऱ्यातून तात्यांचा आवाज आला, "आज लई अडखळती की गं ही." मी स्पीकरचा आवाज शून्यावर नेला. माझ्या हेडफोनमध्ये सगळं ऐकू येतच होतं. तारेचा विचार मनात आला नाही असं म्हणता येणार नाही. आला होता. रविवारी तोड नसेल, असं मी स्वतःला सांगितलं.

रेडिओवरून संदेश जात असताना तारेच्या टोकाला हात लागला तर तापलेली सुई टोचल्यासारखा चटका बसतो. सरांच्या बोटावर त्याचा पांढरा डाग आहे. जमिनीवर उभा असलेला माणूस हात झटकतो आणि शिव्या देतो. पण तात्यांचं वय सत्तरच्या पुढे, आणि ते शिडीवर चढणार होते.

मी लॅपटॉपवर थांबवण्याचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. स्क्रीन गोठली होती. खोलीतलं इंटरनेट गेलं होतं. कॅमेरा वेगळ्या सिमकार्डवर चालतो, म्हणून चित्र मात्र स्वच्छ येत होतं. नेट जाण्याआधीच मी जगाला हाक मारायचा संदेश पुन्हा पुन्हा जाईल असा लावून ठेवला होता. तो तिथल्या कॉम्प्युटरमधूनच जातो. कोणी थांबवेपर्यंत तो दर काही सेकंदांनी जात राहणार होता, त्या तारेतून, अजिबात आवाज न करता.

मी तात्यांना फोन लावला. कॅमेऱ्यात लांबून, घराच्या आतून, रिंग ऐकू आली.

"तात्या, फोन वाजतोय तुमचा."

"वाजू दे. धर शिडी."

मोबाइलवर चित्राच्या खाली माइकचं एक बटण आहे. ते दाबून बोललं की तिथल्या खांबावरून आवाज येतो. मी ते कधीच वापरलं नव्हतं. पहिल्यांदा शेतावर गेले तेव्हा मी म्हणाले होते, "मला थोडं पाणी मिळू शकेल का?" माझ्या पुस्तकी बोलण्याला घरातल्या बायका हसल्या, आणि तात्या दुपारभर ते वाक्य माझ्या आवाजात म्हणत राहिले. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तेव्हापासून तिथे मी मानेनेच हो-नाही सांगते.

म्हणून मी सरांना मेसेज लिहायला घेतला. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या माणसाला. लिहिताना एक शब्द चुकला, तो मी मागे जाऊन दुरुस्तही केला. वर पाहिलं तर तात्या तिसऱ्या पायरीवर होते.

मी माइकचं बटण दाबून धरलं. खांबावरून नुसतं टक्क झालं. ड्रायव्हरने वर पाहिलं. तात्यांनी डाव्या हाताने फांदी पकडली आणि उजवा हात तारेकडे नेला.

"तात्या, हात लावू नका."

क्षणभराने माझाच बारीक आवाज तिकडून फिरून मोबाइलमधून परत आला. तात्यांचा हात हवेत थांबला.

"कोण हाय?"

"मी. बारामतीहून. तार चालू आहे. खाली उतरा."

"पिपपिप तर न्हाय."

"नसली तरी चालू आहे. उतरा आधी, तात्या."

ते उतरू लागले. एका पायरीवर त्यांची चप्पल निसटली आणि शिडी हलली. ड्रायव्हरने ती दोन्ही हातांनी दाबून धरली. त्यांचे पाय मातीला लागेपर्यंत मी बटण सोडलं नव्हतं. मग मी त्यांना खोलीत जाऊन दाराजवळचं काळं बटण बंद करायला सांगितलं.

बाहेर येऊन ते म्हणाले, "केलं बंद. रेडिओचा लाल दिवा आपला आपणच उघडझाप करत हुता की गं."

म्हणजे संदेश खरंच जात होता. तोवर माझ्या मनात कुठेतरी आशा होती की जात नसेलही.

तात्या कॅमेऱ्याखाली येऊन उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं होतं, त्यामुळे तिकडून काहीच आवाज येत नव्हता.

"मगाचा फोन तूच करत हुतीस व्हय?"

"हो."

"आन हितनं बोलता येत हुतं तरीबी?"

नेट गेलं होतं, हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, आणि ते खोटंही नव्हतं. मी बटण पुन्हा दाबलं.

"येत होतं, तात्या. तुम्ही हसाल म्हणून मी बोलले नाही. खोलीतला आवाजही मी त्यासाठीच बंद केला होता."