वरच्या गड्याची शोकसभा

डाळजच्या पंचक्रोशीत कुणाचाही दहावा असो, पिंडाला कावळा शिवला की माईक रावजीतात्यांच्या हातात जायचा. घरची पेरूची बाग वाऱ्यावर सोडून तात्या इंदापूर-बारामतीकडचे घाट धुंडाळायचे. भाषण मात्र सगळीकडे एकच. "अत्यंत मनमिळाऊ, कष्टाळू, निर्व्यसनी, सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारं व्यक्तिमत्त्व आज आपल्यातून हरपलं." मेलेला पिऊन कालव्यात पडलेला असला तरी निर्व्यसनी. लोकही माना डोलवायचे, कारण मेलेल्याबद्दल खरं बोलायची आपल्याकडे पद्धत नाही.

एका दुपारी टीव्हीवर बातमी आली आणि तात्यांचा घास हातातच राहिला. माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला, त्या मोहिमेतला एक म्हातारा अंतराळवीर तिकडं अमेरिकेत वारला होता. त्याचे दोन सोबती चंद्रावर उतरले, चालले, जगभर मिरवले. हा मात्र त्यांना परत आणायचं म्हणून वर यानात एकटाच फेऱ्या मारत राहिला होता.

"आपला वरचा गडी गेला गं," तात्या म्हणाले. त्यांची बायको फुलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कोन? भवानीनगरचा?"

तिला तरी काय बोलणार! तात्यांनी हे कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. मिसरूड फुटायच्या वयात ते विहिरी खोदणाऱ्या टोळीत होते. खाली टोळीतला सिद्धू आणि त्याचा जोडीदार सुरुंगाची वात पेटवायचे, लोखंडी पाटीत बसायचे आणि दोर हलवायचे. वर यारीचा, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या चाकाचा, दांडा फिरवून त्यांना ओढून घ्यायला तात्या. दोघं काठाला लागेपर्यंत तात्या दांड्यावरची नजर हटवायचे नाहीत. दांडा निसटला तर? एकट्यानं गावात जाऊन ह्यांच्या बायकांना काय सांगायचं? पुढं विहिरीला पाणी लागलं की नारळ फुटायचा आणि फेटे बांधले जायचे ते खालच्या दोघांना. वरच्याला कोण विचारतो! अशात एकदा मालकाच्या रेडिओवर कळलं, की चंद्रापाशीसुद्धा असाच एक गडी वर जीव मुठीत धरून बसला होता. तात्यांना सख्खा भाऊ सापडल्यासारखं झालं. तेवढं एकदा चारचौघांत सांगावं, अशी त्यांची फार इच्छा होती. आता त्याच्या माघारी तरी सांगायलाच हवं होतं.

म्हणून ते यशराजकडं गेले. यशराज म्हणजे गावातला होतकरू पुढारी. निवडणूक तोंडावर आलेली. "घेऊ की तात्या शोकसभा! जगात गाव गाजंल," तो म्हणाला, आणि तिथंच माशी शिंकली.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर फ्लेक्स लागला. त्यावर यशराज, यशराजचे चुलते, चुलत्यांचे नेते आणि हात जोडलेले चौदा शोकाकुल. अंतराळवीर खाली कोपऱ्यात, तोही हेल्मेट घातलेला, म्हणजे तो नक्की कोण हे विचारायचीच सोय नव्हती. तात्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरं, मेलाय कोन? तुमी का तो?" त्यांनी विचारलं. यशराज हसला आणि म्हणाला, "तात्या, ज्यांनी वर्गणी दिली त्यांचे फोटू नकोत व्हय?"

सभा सुरू झाली. यशराज अंतराळातून थेट गावच्या पथदिव्यांवर उतरला आणि तिथंच रमला. त्याच्या चुलत्यांनी नव्वदी ओलांडलेल्या त्या माणसाच्या आकस्मिक निधनानं तालुक्याची भरून न येणारी हानी झाल्याचं सांगितलं. तिसऱ्यानं तर त्याला माळकरीच करून टाकलं. तात्या बसल्या जागी चरफडत होते. मनातल्या मनात पहिलं वाक्य घोकत होते: मी यारीवर होतो तेव्हाची गोष्ट. मी यारीवर होतो तेव्हाची गोष्ट.

शेवटी माईक आला. मागून यशराज कुजबुजला, "तात्या, आटपतं घ्या, लोकं उठाय लागली." तात्यांनी घसा खाकरला. समोर ओळखीच्या टोप्या, ओळखीचे पदर, हातात ओळखीचा माईक. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला!

"अत्यंत मनमिळाऊ, कष्टाळू, निर्व्यसनी..."

ऐकू येत होतं त्यांना स्वतःचं. थांबावंसं वाटत होतं. पण उताराला लागलेली बैलगाडी कुठली थांबते? सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारं झालं, ईश्वर मृतात्म्यास शांती देवो झालं, दोन मिनिटं स्तब्धता झाली. यारी नाही, सिद्धू नाही, काही नाही. बायकांनी डोळ्याला पदर लावले. यशराजनं खांद्यावर हात ठेवला. "तात्या, काय बोललात! तोड न्हाय."

तात्यांना त्या हाताला चावावंसं वाटलं.

घरी येऊन त्यांनी टोपी खाटेवर आपटली. फुलाबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "भोंग्यावर ऐकलं मी. आजच्या भाषनात त्या मानसाचं काय हुतं? हेच तर तुमी माझ्या बापाच्या दहाव्याला बोलला हुता."

मग मात्र तात्यांचा बांध फुटला. सुरुंग, पाटी, दांडा, तो निसटायची धास्ती, चंद्राजवळचा तो एकटा गडी, सगळं त्यांनी तिला तिथंच उभ्यानं सांगितलं. आवाज चढलेला, डोळे भरलेले. फुलाबाईचे हात थांबले.

"मग हे का न्हाय बोललात?"

"माईक आला की त्वांड आपुआप चालतं, मी काय करू!"

तिनं हातातल्या जुडीला गाठ मारली. मग म्हणाली, "माझ्या दहाव्याला तुमी बोलू नगा."

"का?"

"मला मनमिळाऊ म्हनाल."

"तू? मनमिळाऊ?" तात्या तडकलेच. "आळीत एक बाई दाव जिच्याशी तू भांडली न्हाईस! त्या सरुबाईला आपल्या बोअरचं पानी द्यायला मी न्हाय म्हनलो, तर म्हैनाभर माझ्याशी अबोला धरलास. आन् पानी दिल्यावर तिच्याशीच भांडलीस, नळ नीट बंद करत न्हाय म्हनून! तुझ्यासारखी खाष्ट बाई उभ्या तालुक्यात..."

बोलता बोलता ते तिच्याशेजारी मेथीजवळ खाली बसले.

फुलाबाईनं जुडी खाली ठेवली. "हां. हे बोला," ती म्हणाली. "न्हायतर कावळ्याला मी शिवू देनार न्हाय."