फ्रिजमधला समुद्र

फोन आला तेव्हा मी निपाणीच्या शाळेत पेपर तपासत बसले होते. पलीकडे अनगोळच्या वहिनी. "वन्सं, हे गेले..." एवढं सांगितलं. मग म्हणाल्या, "आणि यांचं काम माझ्यापायी राहिलं." नवरा जाऊन तास झाला नव्हता, आणि ही बाई एका चिखलाच्या नळीसाठी रडत होती. अण्णा माझा थोरला भाऊ. खरं सांगते, दुःखाआधी मला त्याचा संताप आला.

अण्णा गोव्यात समुद्राचा अभ्यास करायचा. जहाजानं जायचं, तळात लांब नळी रोवायची आणि चिखल वर काढायचा. त्या चिखलात खाली जुना काळ, वर अलीकडचा. पृथ्वी गारठली की समुद्र मागं हटतो, वारा धूळ आणून टाकतो. पाऊसकाळ वाढला की नद्या माती ओढून आणतात. आणि त्या धुळीमातीबरोबर पाराही येऊन तळाशी साचतो. कोणत्या काळात किती साचला आणि का, एवढ्या एका प्रश्नात माणसानं जन्म घालवला. निवृत्त होऊन अनगोळला आला तो रीतसर परवानगी काढून एक नळी घेऊनच, आणि ती गेली थेट फ्रिजमध्ये. चिखल गार राहायला हवा म्हणे. वहिनींचं दूध, कोथिंबीर, इडलीचं पीठ सगळं दाराच्या कप्प्यात. आंबलेलं पीठ त्याच्या नाकासमोर धरलं तरी म्हणायचा, "अगं, हिमयुग आहे ते. धक्का लावू नको." लई वैताग यायचा.

गेल्या खंडेनवमीला मात्र घोळ झाला. वहिनी सदलग्याच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांच्या माहेरी त्या दिवशी विळा, खुरपं, मोटारीचा पाना, जे हातात घेऊन पोट भरतो ते सगळं धुऊन पुजतात. आता नवऱ्याचं हत्यार कुठलं? त्यांनी नळी बाहेर काढली, पुसली, टोपण उघडलं आणि आतल्या चिखलाला हळदकुंकू लावून वर झेंडू ठेवला. अण्णा आंघोळ करून आला तो बघतच राहिला. कुंकवा-शेंदरात पारा असू शकतो. जो मोजायचा तोच वरनं लावलेला. "संपलं माझं काम," म्हणाला आणि नळी परत आत ठेवली. वहिनी त्या दिवशी जेवल्या नाहीत. मी फोनवर त्याला म्हटलं, "वहिनींना काय म्हाईत रं ते?" तर "व्हय," म्हणाला. नुसतं व्हय. पुढं त्या विषयावर घरात कुणी बोललं नाही, आणि वहिनींनी ते मनाला लावून घेतलं.

परवा गोव्याहून त्याची विद्यार्थिनी नळी न्यायला आली. मीही अनगोळला गेलते. वहिनी दारातच तिला म्हणाल्या, "मी नासवली गं ती. कुंकू लावलं."

पोरगी गोंधळली. "काकू, वरचं सरांनी तेव्हाच खरवडून काढलं होतं. आतला थोडा चिखल आम्हाला पाठवला, मोजणी झाली, सरांचा अंदाज बरोबर निघाला. किती खूश होते... तुम्हाला बोलले नाहीत?"

न्हाय. कुणालाच बोलला नव्हता. हजारो वर्षांपूर्वी पाऊस कधी वाढला ते ह्याला सांगता यायचं, पण चार पावलांवरच्या स्वयंपाकघरात जाऊन "काम वाचलं गं" म्हणायला जीभ उचलली नाही. विसरला असेल, रागात बोललेलं मागं घ्यायची लाज वाटली असेल... काय की. आता विचारायचं कुणाला? त्याच्यावर चिडायची सवय आहे मला, आणि त्याच्यावाचून करमतही नाही.

वहिनी तशाच आत गेल्या आणि अण्णाच्या फोटोपुढं जाऊन उभ्या राहिल्या. इतके दिवस त्या फोटोकडं मान वर करून बघत नव्हत्या. "एक शब्द बोलायला काय झालतं तुम्हाला?" त्यांनी चांगलं ठणकावून विचारलं. आणि मग, अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच, नुसत्या नवऱ्यासाठी रडल्या.