माझ्या नावाने गेलेला रिपोर्ट

त्या बाई नॉटिंगहॅमला आल्या तेव्हा त्यांच्या दोन बॅगांत कपडे कमी आणि कागद जास्त होते. सोव्हिएत संघ मोडल्यावर वेगळ्या झालेल्या एका छोट्या देशात त्या सरकारी इन्सुलिन कारखान्याच्या क्वालिटी विभागाच्या प्रमुख होत्या. यंत्रं जुनी, दुरुस्त करकरून चालवलेली. पण देशातल्या मधुमेहींचं बहुतेक इन्सुलिन तिथेच बनायचं. कारखाना आधुनिक करायला परदेशातून मदत मिळायची होती. त्याआधी कुणा त्रयस्थाने तो तपासून, मदत देण्यात अर्थ आहे की नाही ते सांगायचं होतं. ते काम आमच्या कन्सल्टन्सीला मिळालं आणि कागद तपासायला मला बसवलं. पुण्यात दहा वर्षं औषध कंपनीत मी हेच केलं होतं. इथे इंग्लंडमध्ये वर्क व्हिसावर येऊन दुसरं वर्ष चालू होतं.

दोन आठवडे आम्ही एका बिनखिडकीच्या मीटिंग रूममध्ये समोरासमोर बसलो. मी कागदांतली भोकं शोधायची, त्यांनी उत्तर द्यायचं. तिसऱ्या दिवशी मला एक मोठं भोक सापडलं. ज्या फ्रीजरमध्ये त्यांचे मूळ जिवाणू ठेवले होते, त्याच्या तापमानाचा आलेख चार दिवस कोरा होता. त्या जिवाणूंमध्ये माणसाचं जनुक घालून त्यांच्याकडून इन्सुलिन करून घेतात. तो साठा उणे ऐंशी अंशांच्या आसपास राहिला नाही, तर कारखाना संपला.

"वीज नव्हती," बाई म्हणाल्या.

"चारही दिवस?"

"चारही दिवस. आइस्क्रीमच्या कारखान्यातून कोरडा बर्फ आणला. आम्ही तिघी पाळीपाळीने फ्रीजरपाशी बसलो." त्यांनी बॅगेतून एक निळी वही काढली. दर तासाचं तापमान, तीन वेगवेगळी हस्ताक्षरं, प्रत्येक ओळीपुढे सही.

"नंतर साठा तपासलात?"

"तीनदा. पान उलटा."

तिन्ही चाचण्यांचे निकाल चोख होते. त्या दिवशी माझ्या डब्यातली पोळी-भाजी आम्ही वाटून खाल्ली. भाजीत नारळ का घालता, असं त्यांनी मला विचारलं.

मी रिपोर्टमध्ये लिहिलं, की हवा आणि पाणी शुद्ध करणारी यंत्रणा बदलावी लागेल, पण माणसं आणि नोंदी भरवशाच्या आहेत. हा कारखाना सुधारता येईल. आमच्या डायरेक्टरने तो "जरा भाषा सुधारायला" म्हणून नेला. शेवटच्या मीटिंगच्या सकाळी परत आला तेव्हा त्यात "मूलभूत दोष" होते. "चार दिवसांची तापमानाची नोंद उपलब्ध नाही" असं एक वाक्य होतं. "संक्रमणातल्या अर्थव्यवस्थेने" स्वतःचं इन्सुलिन बनवण्याच्या फंदात न पडता ते आयात करावं, अशी शिफारस होती. संक्रमण म्हणे. आपण रोग पसरण्यालाही संक्रमणच म्हणतो. खाली तपासनीस म्हणून माझं नाव होतं. त्या देशात इन्सुलिन विकू पाहणारी एक कंपनीही आमचीच क्लायंट होती, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

मी तशीच डायरेक्टरच्या खोलीत गेले.

"नोंद आहे. मी स्वतः पाहिली आहे."

"हाताने लिहिलेल्या वहीला आपण नोंद म्हणत नाही," तो म्हणाला. मग अगदी मायेने, "तुझ्या व्हिसाचं रिन्यूअल माझ्याकडे आलंय. करतो मी, काळजी नको करू."

त्याने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मी खाली मान घालून बाहेर आले, याचा राग मला त्याच्यावरच्या रागाइतकाच येतो.

मीटिंगला मदत देणाऱ्या संस्थेची तीन माणसं होती. बाईंनी ओळीखाली बोट धरून रिपोर्ट वाचला. नोंद नसल्याच्या ओळीवर बोट थांबलं.

"हे तुम्ही लिहिलंत?" त्यांनी मला विचारलं.

डायरेक्टर सुरू झाला, "हा टीमचा एकत्रित निष्कर्ष..."

"नाही," मी म्हणाले. "मी हे लिहिलेलं नाही. ती नोंद त्यांच्या बॅगेत आहे. बाई, वही दाखवा."

संस्थेच्या एका माणसाने वही चाळली, दोन-तीन पानं दुसऱ्याला दाखवली. डायरेक्टर हसून म्हणाला, "याबद्दल आपण नंतर बोलू." नंतर ते आपसांत बोलले, आणि तेव्हा मला बोलावलं नाही.

घरी नवरा म्हणाला, "आजच बोलायला हवं होतं का? व्हिसा होईपर्यंत थांबली असतीस."

"तोवर मदतीचा निर्णय थांबला असता का?" मी म्हणाले. तो वाईट माणूस नाही. मुलीची शाळा त्याच्या डोक्यात होती, आणि ती माझ्याही डोक्यात होती.

शेवटी ते वाक्य गाळलं गेलं. माझा मूळ रिपोर्ट परिशिष्ट म्हणून मागे जोडला, जिथे कुणी वाचत नाही. शिफारस तशीच राहिली. मदत मिळाली नाही. माझी जागा "आता गरजेची नाही" असं पत्र आलं. व्हिसाची मुदत संपायच्या आत लीड्सच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी आणि नवा स्पॉन्सर मिळाला म्हणून आम्ही इथे राहिलो. डायरेक्टर अजून कॉन्फरन्समध्ये गुणवत्तेवर भाषणं देतो. त्याचे फोटो मला लिंक्डइनवर दिसतात.

वर्षभराने बाईंच्या कारखान्यातलं इन्सुलिनचं उत्पादन बंद झालं. आता बाहेरून आलेल्या बाटल्यांवर तिथे देशी भाषेतलं लेबल लावतात.

"लेबल सरळ लागलंय का, ते मी तपासते," त्या फोनवर म्हणाल्या. "त्यात मात्र मूलभूत दोष नाही."

गेल्या हिवाळ्यात बाहेरून येणारा माल तीन आठवडे उशिरा आला. बाईंच्या शेजारणीने तेवढे दिवस आपल्या मुलीला अर्धाच डोस दिला. मुलगी वाचली, पण दहा दिवस हॉस्पिटलात होती. हे सांगताना बाईंचा आवाज शांत होता. माझा नव्हता.