पत्राची वाचणावळ

१६ एप्रिल १९३५. महिना तीस डॉलर. त्यातले पंचवीस सरकार परस्पर घरी पाठवणार, पाच पोराच्या हातात. केंटकीच्या डोंगरातल्या त्या जिल्हा कचेरीत टेबलामागची बाई सकाळपासून हेच सांगत होती. पोरांनी सहा महिने सरकारी जंगलात राबायचे, जेवण आणि बूट सरकारचे. दुसरीकडे कुठेच काम नव्हते, त्यामुळे रांग दाराबाहेर जिन्यापर्यंत गेली होती.

डेन्झिल टॅकेटची पाळी आली तेव्हा तिने मान वर न करता विचारले, "घरचे पैसे कोणाच्या नावावर?"

डेन्झिल एकोणीस वर्षांचा. घरी आई ऑर्फा, दोन धाकटे भाऊ आणि सहा वर्षांची डेल्फी. बाप होबर्ट मागच्या पानगळीत ओहायोतल्या रबराच्या कारखान्यात काम बघतो म्हणून गेला होता, तो परतला नव्हता. नाव आईचेच सांगायला हवे होते. पण मागे रांगेत त्याच्याच वस्तीवरचे, केनी ओढ्यावरचे, तिघे कान टवकारून उभे होते. आईचे नाव सांगणे म्हणजे बाप पळाला हे भर कचेरीत लिहून देणे. केनी ओढ्यावरचा माणूस उपास काढील, पण असे लिहून देणार नाही.

"होबर्ट टॅकेट," तो म्हणाला. "बाप. घरीच असतो."

"लिहिता-वाचता येतं?"

"येतं."

बाईने दोन्ही उत्तरे उतरवून घेतली. डेन्झिलने खाली आपले नाव काढले. आईने चुलीतल्या कोळशाने फळीवर गिरवून घेतले होते तसेच ते त्याने काढले. त्यापलीकडचे एकही अक्षर त्याला कळत नव्हते.

पाच दिवसांच्या आगगाडीनंतर त्यांची तुकडी आयडाहोच्या पाइन जंगलात उतरली. पाइनच्या झाडांना एक तांबेरा लागत होता आणि त्याची वस्ती गूजबेरीच्या रानटी झुडपांच्या पानांवर असे. म्हणून सरकारने डोंगरच्या डोंगर गूजबेरी उपटायचा हुकूम काढला होता. चढावर पांढऱ्या दोऱ्या ताणून पट्टे पाडायचे, एकेका पट्ट्यात एकेक पोरगा, हातात आखूड कुदळ, आणि झुडूप मुळासकट बाहेर. मागून तपासनीस यायचा. ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त झुडपे राहिलेली दिसली की सगळ्या टोळीने शनिवारची सुट्टी सोडून तो पट्टा पुन्हा करायचा.

डेन्झिलच्या पट्ट्यात तपासनिसाला कधी काही सापडले नाही. नेच्यांच्या गचपणात बोटभर उंचीचे रोप असले तरी त्याला ते दहा पावलांवरून दिसे. दोन पाने जमिनीवर आली असली, तरी त्याची नजर चुकत नसे.

तो वाचू शकत नाही हे पहिल्यांदा लिओ श्रोडरला कळले. श्रोडर कोव्हिंग्टन शहरातला, हायस्कूलपर्यंत गेलेला, जिभेने तिखट. एका सकाळी फलकावर सूचना होती की आज काम बंद, सर्वांनी लस टोचून घ्यायला यावे. डेन्झिल कुदळ घेऊन ट्रकमध्ये जाऊन बसला आणि तासभर एकटाच बसून राहिला. श्रोडरने ते पाहिले आणि त्या वेळी कोणाला काही सांगितले नाही. घरून पहिले पत्र आले तेव्हा तो डेन्झिलच्या खाटेवर येऊन बसला.

"डोंगऱ्या, वाचून देऊ? पत्राला पाच सेंट. उत्तर लिहायचे वेगळे पाच."

"डोळे दुखतायत हल्ली," डेन्झिल म्हणाला.

"दुखणारच. तुमच्या डोंगरात अक्षराचा उजेड फार."

कँटीनचे पाच सेंटांचे कुपन हातात पडल्यावर श्रोडरने बराकीच्या पायरीवर बैठक मांडली. दहा-बारा पोरे जमली. त्याने म्हाताऱ्या बाईसारखा आवाज काढला. "माझ्या बाळा डेन्झिल. तुझा बाप पाच तारखेला आला."

डेन्झिल उठून उभा राहिला. "आला? बाबा आला?"

श्रोडरची नजर पुढच्या ओळीवर गेली होती. पुढे लिहिले होते: *पोस्टातून तुझ्या पैशांचा कागद घेतला आणि गेला. घरात पाय ठेवला नाही. त्याचं नाव दिलंस हे ओढ्यावरच्या कोणी त्याला कळवलं, आणि कागदावर तेच आहे म्हणून पोस्टवाला मला देत नाही. तुझ्या साहेबांना सांगून नाव बदल.* श्रोडरने समोर पाहिले. पोरे हसायला जमली होती, रडगाणे ऐकायला नाही. आणि डेन्झिलचा चेहरा इतका फुलला होता की त्यापुढे कुठलाही विनोद फिका पडला असता.

"पुढे नेहमीचंच," तो म्हणाला. "घेवडा, पाऊस, चर्चमधला पाद्री. गाईने तुला नमस्कार सांगितलाय."

हशा झाला. डेन्झिलही हसला. मग त्याने उत्तर सांगितले आणि श्रोडरने शब्दनशब्द उतरवून घेतले, कारण त्याचे पैसे वेगळे ठरले होते. "आई, बाबा येतो हे ऐकून बरं वाटलं. त्याला सांग, पैसे त्याचेच आहेत, हवे तसे खर्च कर म्हणावं. तू त्याला काही बोलू नकोस."

त्या संध्याकाळी श्रोडरने खरा मजकूर चार जणांना सांगितला. आठवड्याभरात तो सगळ्या बराकीला ठाऊक झाला. मग दर महिन्याच्या सुरुवातीला जेवणाच्या रांगेत कोणी ना कोणी विचारायचा, "काय डेन्झिल, बाप आला का रे या महिन्यात?"

"आला ना," डेन्झिल सांगायचा. "पाच तारखेला येतोच तो आता."

"मोठा वक्तशीर माणूस!"

आणि टेबलावर थाळ्या वाजायच्या. डेन्झिलला वाटे, पोरांना आपल्या बापाचे कौतुक आहे. आपल्या पंचवीस डॉलरांनी बाप घरी परत आला, हे त्याने मनाशी पक्के धरले होते. त्या एका गोष्टीच्या जोरावर तो दोन माणसांचे काम करत होता.

जुलैच्या पत्रात गाय विकल्याचे होते. श्रोडरने वाचले, "गाईचं काम आता उरलं नाही." ऑगस्टमध्ये डेल्फीला डांग्या खोकला झाला आणि ओढा चढून यायला डॉक्टर आधी दोन डॉलर मागत होता. श्रोडरने वाचले, "डेल्फीला जरा खोकला आहे. डॉक्टरशी बोलणं झालंय." सप्टेंबरचे पत्र आखूड होते. *पैसे बापाचे असं तूच लिहिलंस. मी पुन्हा मागणार नाही. पण पोरीसाठी दोन डॉलर तुझ्या पाचातून पाठवता आले तर बघ.* ते श्रोडरने असे वाचले: "पैशाबद्दल आता काही मागणं नाही."

डेन्झिल त्या महिन्यात आपल्या पाच डॉलरांतून डेल्फीसाठी एक केसांची रिबीन घेऊन ठेवत होता.

ऑक्टोबरचे पत्र श्रोडरने उघडले आणि मनात वाचले. पायरीवरची पोरे वाट बघत राहिली.

"वाच की," डेन्झिल म्हणाला. "डेल्फी कशी आहे?"

श्रोडरने कागदाची घडी घातली. त्या क्षणी सांगण्यासारखे बरेच होते. पण ते सांगायचे तर आधीची चार पत्रेही सांगावी लागली असती. "खोकला थांबला तिचा," तो म्हणाला. "काढ पाच सेंट."

डेन्झिलची कुपने संपली होती. "पगाराला देतो," तो म्हणाला, आणि पत्र इतरांबरोबर बुटांच्या खोक्यात ठेवले.

सप्टेंबरपासून तो गुपचूप छावणीतल्या शिक्षकाकडे, लॅथ्रप मास्तरांकडे, जात होता. कॅप्टनने त्याला तपासनिसाचा हुद्दा देऊ केला होता. महिना छत्तीस डॉलर, पण प्रत्येक पट्ट्याचा कागद लिहावा लागे. मास्तरांनी त्याला सांगितले, "तुला पानं ओळखता येतात ना? मग अक्षरं म्हणजे सव्वीस पानं. एवढंच." डेन्झिलला ते पटले. ऑक्टोबरात सहा महिने भरले तेव्हा बराकीतल्या बहुतेकांनी आणखी सहा महिन्यांसाठी सही केली, त्यानेही केली. नोव्हेंबर लागेपर्यंत तो दुकानाच्या पाट्या वाचू लागला.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी मास्तर म्हणाले, "आता तुझं स्वतःचं काहीतरी आण. घरचं पत्र असलं तर उत्तम."

त्याने सर्वांत पहिले पत्र आणले. मास्तरांनी वरवर नजर टाकली आणि हात पुढे केला. "दुसरं आणतोस का? याचं अक्षर फार लागत नाही."

"लागतंय मला," डेन्झिल म्हणाला. हे पत्र तर पाठच होते त्याला. त्याने बोट ठेवले. "तुझा. बाप. पाच. तारखेला. आला." त्याने हसून मास्तरांकडे पाहिले. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. बोट पुढे सरकले. "पोस्टातून. तुझ्या. पैशांचा. कागद. घेतला. आणि." पुढच्या शब्दाशी बोट थांबले. तो शब्द अवघड नव्हता. "गेला."

उरलेल्या तीन ओळींना त्याला दहा मिनिटे लागली. मास्तरांनी मदत करू नये म्हणून त्याने दुसऱ्या हाताने कागद झाकून धरला होता.

तो तडक कचेरीत गेला. कारकुनाने फॉर्म पुढे ओढला.

"बापाचं नाव का काढायचं? मेला?"

"नाही."

"मग कारण लिहावं लागतं."

"सोडून गेला."

"कधी?"

"भरती व्हायच्या आधी."

"मग तेव्हा काय दातखीळ बसली होती?" कारकून म्हणाला आणि शिक्का मारला. "या महिन्याचा चेक गेला. डिसेंबरपासून तिच्या नावाने."

म्हणजे सातवा चेकही होबर्टच नेणार होता.

बाकीची चार पत्रे डेन्झिलने रविवारी दुपारी खाटेवर बसून वाचली. शेवटच्या पत्रात पाच ओळी होत्या. *डेल्फी तीन तारखेला गेली. शेजाऱ्यांनी खोकं केलं. पाच तारखेला तुझा बाप पोस्टात आला. त्याला निरोप दिला होता. वर आला नाही.*

श्रोडर दोन खाटा पलीकडे बूट घासत होता. डेन्झिल कुदळ घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला. श्रोडरने त्याच्या हातातले कागद पाहिले आणि काय झाले ते ओळखले. तो आधी पांढरा पडला. मग त्याच्या एक ध्यानात आले आणि त्याने ब्रश पुन्हा चालवायला सुरुवात केली.

"मी खोटं एक अक्षर वाचलं नाही, डोंगऱ्या. बाप आला, आला. खोकला थांबला, थांबला. सगळं वाचलं नाही, एवढंच. पाच सेंटांत किती वाचायचं माणसाने?"

डेन्झिलच्या हातात कुदळ वर झाली.

"मार," श्रोडर हळू म्हणाला. "मार की. कॅप्टन तुला उद्याच्या गाडीला बसवील, आणि पंचवीस डॉलर बंद. आत्ता कुठे आईच्या नावावर केलेस म्हणे?"

सगळी बराक बघत होती. डेन्झिलने हात खाली घेतला. मग त्याने कुदळ नेऊन दाराशी, तिच्या खुंटीला लावली. मार्चपर्यंत, साडेचार महिने, तो श्रोडरपासून दोन खाटांवर झोपला. पाच तारखेला बाप आला का, असे नंतर कोणी विचारले नाही. नोव्हेंबरच्या पाच तारखेला मात्र रांगेत एकाला हसू आवरले नाही.

त्याने आईला स्वतःच्या हाताने पत्र लिहिले. सहा वेळा फाडले. *मला वाचता येत नव्हतं. दुसऱ्याने वाचलं. त्याने सगळं वाचलं नाही.* त्याहून जास्त लिहिता येईना. सोबत रिबीन पाठवली नाही.

जानेवारीत उत्तर आले. ते त्याने दोन मिनिटांत वाचले, कारण तेवढेच होते. *चेक माझ्या नावाने मिळाला. आता आम्ही तिघंच आहोत, पुरतात.*

डेन्झिल केंटकीला राहायला परत गेला नाही. पुढे त्याच जंगलात तो एकतीस वर्षे तपासनीस होता. त्याच्या हाताखालच्या पोरांना घरची पत्रे आली की तो एकच विचारायचा, "स्वतः वाचलंस?" आईला महिन्याच्या महिन्याला पैसे जात राहिले. तिने प्रत्येक वेळी पोच पाठवली आणि पोचेखेरीज काही लिहिले नाही.

श्रोडर मार्चमध्ये सुटला. ट्रकमध्ये चढताना त्याने वरून हात पुढे केला होता. "डोंगऱ्या, ऑक्टोबरच्या पत्राची वाचणावळ राहिली." डेन्झिलच्या खिशात सुटे पैसे होते. त्याने ते काढले नाहीत.

ते पाच सेंट अजून देणे आहेत.