साळवे सरांना मी कायम केलं

सांगू का नको तेच कळंना मला. आजबी आठवलं की कान गरम होतेत. पण चहा घेतलाय तुमी हातात, तर ऐकाच.

सगळं त्या मुज्यामुळं झालं. मुज्या म्हंजे मुजाहिद, माझा दोस्त, एक नंबरचा आगलाव्या. मला लोकांचे आवाज काढता येतेत. आमच्या चेअरमन साहेबाचा तर असा काढतो की त्यांच्या ड्रायव्हरनं गाडी चालू करावी! आधी एक खोकला, मंग "ऐका…", अन् मंग दम घेऊन बाकीचं.

तर मुज्या टपरीवर म्हणला, "इथं कावून वरडतो बे? दम असंल तर प्रिन्सिपलला फोन लाव."

"लावू?"

"लाव की! लावलास तर मिरची भजे माझ्याकडून. पळालास तर तू माझा नोकर."

भज्यासाठी माणूस काय काय करतो, बघा. टपरीवरच रुपयाचा डबडा फोन व्हता. टाकला रुपया.

आता हे चेअरमन साहेब कोण, ते सांगायला पायजे. साखर कारखान्याचे चेअरमन तेच, अन् आमच्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्षबी तेच. कारखान्याचं गाळप चाललं की कॉलेजला चेंडू यायचे. त्या साली कपिलधारचा धबधबासुदिक आटलता. ऊस वाळला, बॉयलर पेटला न्हाई, अन् आमचा व्हॉलीबॉल खाली बसला. कारखाना थंड, मंग खेळ कुठून गरम ऱ्हाणार?

अन् आमचा क्रीडा विभाग म्हंजे एकटे साळवे सर. कबड्डीचे सर तेच, खो-खोचे तेच, शिट्टी त्यांचीच, मैदान झाडणारेबी तेच. तासावर व्हते बिचारे. तास भरला तर पैसे, अन् तेबी दिवाळीपासून न्हाईत. तरी रोज सकाळी मैदानावर हजर.

हां, तर फोन लागला. मी खोकलो. तिकडं प्रिन्सिपल साहेब खुर्चीतून उठल्याचा आवाज मला हिकडं ऐकू आला!

"साहेब! हुकूम करा साहेब!"

मला नुसतं "ऐका" म्हणून ठेवायचा व्हता फोन. पण माणूस इतका वाकला की आपल्याला मोठं झाल्यागत वाटतं.

"ऐका… परवा येतो. तुमचा खेळ बघायचाय."

"या साहेब! या!"

"अन् ऐका… त्या साळवेला कायम करून टाकू."

आता हे कावून म्हणलो मी? आईशप्पत, चांगल्या मनानं म्हणलो. फोनवर दानत दाखवायला काय जातंय, सांगा!

भजे लई झ्याक लागले. तेवढाच वेळ.

तुमी म्हणताल, प्रिन्सिपलनं साहेबाला उलटा फोन करून इचारायचं की. वा! साहेबाला "खरंच येणार का?" असं इचारायची कुणाची टाप हाय आमच्याकडं? येतो म्हणले की मांडव घालायचा, इचारायचं न्हाई.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात बघतो तर गडबड. आमच्या क्रीडा विभागाच्या बोर्डावर जलतरणबी लिवलेलं हाय. शिपाई नामदेव मामाला प्रिन्सिपल म्हणले, "उद्या तुमी पोहण्याचे कोच."

"मी? सर, मला पाणी बघून चक्कर येती!"

"पाणी हाय कुठं चक्कर यायला?"

ते खरंच व्हतं. कॉलेजच्या हिरीत खाट टाकून झोपता आलं असतं.

मी अन् मुज्या हासून हासून मेलो. मंग साळवे सर आले. दाढी घोटलेली, शर्टाला इस्त्री. माझ्या खांद्यावर हात ठिवून म्हणले, "पप्या, उद्या साहेबाला कबड्डी दाखवायची. माती परळीच्या वीजकेंद्राच्या राखंगत उडती अन् खाली फरशीसारखी टणक. पोरांचे गुडघे फुटतेल. चल, पाणी मारू."

"पाणी कुठंय सर?"

"हाय घरी."

टँकर चौथ्या दिवशी यायचा हो! सरांच्या दारात दोन ड्रम, तेवढंच घराचं पाणी. त्यातला एक आमी मैदानावर रिता केला. हंडे कोण उचलत व्हतं? मीच! काकू, म्हंजे सरांची बायको, दारात उभ्या. म्हणल्या, "ने रे बाबा, ने. सर कायम झाले की चार दिवस बिनआंघोळीचं काई वाटणार न्हाई."

मला वाटलं, जमिनीनं गिळावं. पण जमीन पाणी गिळण्यात गुतलेली.

"मुज्या, सांगून टाक बे."

"मी कायकू? आवाज तेरा, रुपया तेरा!"

मंग मी एक आयडिया केली. परत साहेबाच्या आवाजात फोन करायचा अन् येणं रद्द करायचं. लावला.

"ऐका… उद्याचं जमंल असं वाटत न्हाई…"

"असं करू नका साहेब! साळवेच्या मंडळींनी पुरणाचा घाट घातलाय. दोन घरून गूळ उसना आणलाय बाईनी!"

मी परत खोकलो. अन् तोंडातून काय निघावं? "बरं बरं… गुळवणी जरा पातळ ठेवा म्हणावं."

अन् फोन ठेवला! रद्द करायला गेलतो, जेवण ठरवून आलो!

उजाडला तो दिवस. मांडव. मधी साहेबाची खुर्ची, तिच्यावर पांढरा टॉवेल. नामदेव मामा गळ्यात शिट्टी घालून, घाम पुसत उभे. काकू पोळ्यांचा डबा घिऊन आलत्या. सगळे रस्त्याकडं बघत्यात. धुरळा उठला की प्रिन्सिपल हार घिऊन पळत्यात, अन् निघती शेळ्याची पिकअप.

दुपार झाली. मैदान वाळायला लागलं. सर उठून गेले अन् घरून एक तांब्याचा हंडा घिऊन आले.

काकू म्हणल्या, "आवं, दुसरा ड्रम सैपाकातच सरला! हा पिण्याचा हाय, शेवटला!"

"साहेब येतेल आता. पोरांचे गुडघे…"

सर हंडा वाकडा करणार, तेवढ्यात मी वरडलो, "नका सर! कुणीच येणार न्हाई! फोन मी केलता!"

"गप बस बे," प्रिन्सिपल म्हणले. "साहेबाचा आवाज मला कळत न्हाई का?"

"मीच व्हतो सर!"

"बस म्हणलं ना खाली!"

काय करता? मी खोकलो. "ऐका…"

प्रिन्सिपल ताडकन उभे ऱ्हायले! हार पुढं केला! अन् तसेच ऱ्हायले, माझ्याकडं बघत, तोंड उघडं.

मुज्या कवाच गायब.

साळवे सरांनी हंडा सरळ केला. थेंबबी सांडू दिला न्हाई. काकूच्या हातात दिला. मंग माझ्यापशी आले. म्हणलं, आता बसली कानाखाली. बसली असती तर बरं झालं असतं हो!

त्यांनी माझा दंड धरला, त्या टॉवेलाच्या खुर्चीवर मला बसवलं, अन् समोर हात जोडून उभे ऱ्हायले.

"साहेब," ते म्हणले, "आलातच तर माझं दिवाळीपासूनचं बघा की जरा."

पोरं खिदळली. नामदेव मामाबी हासले. काकू तेवढ्या हासल्या न्हाईत, हंडा कवटाळून माझ्याकडं बघत ऱ्हायल्या.

सरांनी हात तसेच जोडलेले.

"मी साहेब न्हाई हो सर," मी म्हणलो, अन् आवाज माझाच निघाला, रडका, फाटका. "पप्या हाय मी. माझ्या हातात कायबी न्हाई. भज्यासाठी केलं मी."